ऐंशी वर्षांच्या मुकादमाचं कोरं कपाळ

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर कागदबाबा एकेकाच्या कपाळावर पातळ कागद दाबायचे आणि दिव्यासमोर धरायचे. कागदावर आरपार दिसणारा डाग उमटला की सगळा हॉल हात जोडायचा.

"पाप," बाबा सांगायचे. "आतून झिरपतंय. लपवशील कुठे?"

मग पवित्र चूर्णाने तोंड धुवायचं. दुसरा कागद कोरडा, पाप खलास. जेवणवेळेपर्यंत ते परत यायचं, पण तो काय बाबांचा दोष?

मी पुस्तकं बांधतो. आमच्या कारखान्यात नियम आहे: हात धुतल्याशिवाय कागद धरायचा नाही आणि कामात कपाळ पुसायचं नाही. कारण हाच डाग. याच डागावरून वीस वर्षं मी ज्यांना शिव्या घातल्या, तेच माझे कारागीर इथे पहिल्या रांगेत. कंटाळा येतो हो माणसाला.

मी आलो होतो भाचीपायी. सोळा वर्षांची पोर, तोंडभर पुटकुळ्या. ताई तिला दिवसातून सात वेळा चूर्णाने धुवायला लावायची. गाल सोलून निघाले, कॉलेज सुटलं. वर पोरीने चोरी कबूल केली.

"काय चोरलंस?" मी विचारलं.

"ते अजून ठरवलं नाही, मामा. पण कबूल केल्याशिवाय जात नाही म्हणतात."

म्हणून मी कातडीच्या डॉक्टरीणबाईंना सोबत आणलं होतं. त्या स्टेजकडे निघाल्या, तेवढ्यात आमच्या जुन्या मुकादमाचा नंबर लागला. वय ऐंशीच्या पुढे. दोन सख्ख्या भावांचं घर गिळून ढेकरही न दिलेला माणूस. बाबांनी कागद दाबला. कोरडा. पुन्हा दाबला. कोरडाच.

"निर्मळ आत्मा," बाबा चाचरत म्हणाले.

मागून मुकादमाचा धाकटा भाऊ उठला. "मग माझं घर कोणी नेलं? कागदाने?"

डॉक्टरीणबाईंनी माइक घेतला. "हात धुवा आणि तळहातावर कागद दाबा."

कारागिरांनी दाबला. एकाच्याही कागदावर डाग नाही.

"चोरी हाताने होते, मग पाप कपाळावर कसं? कपाळाच्या कातडीत केसांच्या मुळाशी तेलाच्या बारीक पिशव्या असतात, तळहातात नसतात. तेलाने कागद आरपार दिसतो, एवढाच चमत्कार. लहानपणी त्या निजलेल्या असतात, वयात येताना जोरात चालतात, म्हातारपणी थकतात. पिशवीचं तोंड बुजलं की पुटकुळी येते. हे तेल कातडीतला ओलावा धरून ठेवतं. आणि तुमचं चूर्ण म्हणजे धुण्याचा सोडा. तेल काढतो, कातडीही काढतो."

मी बाबांच्या कपाळावर कागद दाबला. कागदाची खिडकीच झाली.

"मी भक्तांची पापं अंगावर घेतो," बाबा म्हणाले. निम्म्या हॉलने तेही मानलं.

ताई मात्र शेजारी बसलेल्या पोरीचे सोललेले गाल बघत होती. पोरीने हळूच विचारलं, "म्हणजे मी काहीच चोरलं नाही?"

"नाही गं," ताई म्हणाली, आणि चूर्णाची पुडी फेकून दिली.

आता पोर साध्या साबणाने दोनदा तोंड धुते, मलम लावते. पुटकुळ्या आहेत अजून, पण कॉलेजात जाते. तुम्हाला एवढंच सांगणं: कोणी तुमच्या अंगावर पाप दाखवलं, तर ते बाकीच्यांच्या अंगावरही दिसतं का, हे आधी बघून घ्या. न केलेला गुन्हा पोरांना कबूल करायला लावू नका.