पांढऱ्या पायाची

ललितचा उजवा पाय लुळा पडू लागला आणि गोदूबाईनं कारण शोधायला घरातच सुरुवात केली. सुनेच्या, किंजलच्या, मानगुटीवर बसणं सोपंच होतं. लग्नाआधी पोरगा धडधाकट होता, ही माहीमची बया आली आणि बोट हाकणारा तांडेल खाटेवर पडला. पांढऱ्या पायाची मेली! सातपाटीच्या बाजारात गोदूबाई मासळीबरोबर हेही रोज विकायची.

पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं होतं. शरीराची राखण करणारी ताकदच नसांच्या आवरणावर उलटते. का, ते नेमकं अजून कुणाला ठाऊक नाही. कुणाला जुना विषाणू नडतो, कुणाच्या रक्तातच थोडा कल असतो, कुणाला ऊन कमी मिळतं, आणि धुरानं धोका वाढतो. "कुणाच्या पायगुणानं होत नाही. पण बिडी आजच बंद," असं त्यांनी गोदूबाईला तोंडावर बजावलं. बाईनं मान डोलावली आणि घरी येताच बिडीचं बंडल पोराच्या उशाखाली सरकवलं. बोटीवरच्या थंडीत बिडीनंच अंग ऊबदार राहतं, तिच्या नवऱ्याचंही राहायचं. डॉक्टरला दर्यातलं काय कळतंय!

किंजलला खरा राग होता तो ललितचा. डॉक्टरीणबाईंचं सगळं त्यानं आपल्या कानांनी ऐकलं होतं. चारचौघांत एकदाच म्हणावं, हिचा दोष नाय. बस, एवढंच तिला हवं होतं.

नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा होती. नारळ तांडेलाच्या बायकोच्या हातात असायचा, तो गोदूबाईनं घेतला आणि किंजलला बाजूला उभं केलं. धक्क्यावर अख्खा पाडा जमलेला. ललित काठी टेकत आला, ओठांत बिडी. फळीवरून बोटीत चढायला त्यानं किंजलपुढे हात केला.

"बिडी टाका, मग धरते," ती म्हणाली.

त्यानं टाकली नाही. गोदूबाईनं नारळ खाली ठेवला आणि बिडी अलगद काढून आपल्या बोटांत धरली. "चढ बाबा, वर गेल्यावर देते."

किंजलच्या डोक्यात तिडीक गेली. "मग हात पण तुमीच द्या, आई."

ती मागे सरली. म्हातारीनं एकाच हातानं पोराला आधार दिला. फळीवर ललितचा पाय दुमडला आणि तो खाली चिखलात कोसळला. खलाशांनी त्याला ओढून वर काढलं.

"बघितलंत?" गोदूबाई लोकांकडे वळली. "हिनंच पाडला माझ्या पोराला. आता तरी पटलं?"

सगळे ललितकडे बघू लागले. किंजलही. त्यानं तोंडावरचा चिखल पुसला आणि आईच्या बोटांतली बिडी घेतली.

"पटलं," तो म्हणाला.