‘आणि’वर संपणारी प्रत

सुईने फॉर्मे तिसऱ्यांदा मोजले. एक ते चौदा. सगळे होते, ओळीने होते, आणि नेमका तिथेच घोटाळा होता.

सुई म्हणजे बाइंडरची मुलगी. कॉलरला कायम दोरा ओवलेली सुई खोचलेली, म्हणून वाचनालयातल्या मंडळींनी तिचं बारसं परस्परच उरकून टाकलं होतं. समोर टेबलावर होती ती एका लेखकाची स्वतःची प्रत. कादंबरीची पाठ मोडली होती, पानं लोंबत होती. लेखक रविवारी वाचनालयात येणार, तोवर जमलं तर बांधून ठेवा, असं ग्रंथपाल मॅडमनी सांगितलं होतं. “जपून हं. बायको गेल्यापासून ते कुठेच जात नाहीत. दोन वर्षांनी पहिल्यांदा बाहेर पडतायत, तेही आपल्याकडे.”

आता पुस्तक काही एकेका पानाचं नसतं. सोळा-सोळा पानांच्या घड्या असतात, त्या फॉर्मे म्हणायच्या. एकावर एक रचायच्या आणि पाठीतून शिवायच्या. प्रत्येक घडीच्या खाली बारीक आकडा असतो. लेखकाच्या प्रतीत तो स्वच्छ दिसत होता. तेराव्या फॉर्म्यात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या नायकाची बायको चांगली हिंडतीफिरती, नवऱ्याला झापणारी. चौदाव्यात ती मरते. कादंबरी संपली.

वाचनालयाच्या प्रतीत मात्र ती आधी मरते. त्यानंतर अर्धं पान कोरं. आणि पान उलटलं की बाई हजर! नवऱ्याला झापतेय, हसतेय, आणि शेवटी तो किल्ली खिशात टाकतो ‘आणि’. बस. ‘आणि’वर कादंबरी खलास. पूर्णविरामसुद्धा नाही.

ती प्रत सुईने बांधली होती. सोळाव्या वर्षी, बाबांचा हात प्लास्टरमध्ये असताना, आयुष्यातलं पहिलं पुस्तक एकटीने. खालची कड वाळवीने खाल्लेली, कापणीत उरलेसुरले आकडेही गेले, पानांचेसुद्धा. मग तिने वाक्यं जुळवून फॉर्मे लावले होते. बारावा संपत होता ‘तो नेहमीसारखा उठला,’ असा. एक घडी सुरू होत होती ‘तोंड धुतलं’वर, दुसरी ‘दार लोटून दुकानाकडे निघाला’वर. दोन्ही फिट्ट! तिने दुसरी घेतली. आधी तोंड धुवायला हवं, हे तिला सुचलंच नाही.

कादंबरी बाजारातून कधीच गायब झालेली. गावात एवढी एकच प्रत. नऊ वर्षं सगळ्यांनी तीच वाचली होती आणि त्या ‘आणि’ने सगळ्यांना वेड लावलं होतं. सुईने स्वतः चारचौघांत त्या ‘आणि’वर भाषणं ठोकली होती. लेखक किती धाडसी, वगैरे वगैरे.

“बाबा,” ती म्हणाली, “मी मेले.”

“आधी खळ झाकून ठेव,” बाबा म्हणाले. ते खिडकीपाशी पुठ्ठे कापत होते. “मग मर.”

तिने सगळं एका दमात सांगितलं. बाबांनी पट्टी बाजूला ठेवली.

“शनिवारची अख्खी दुपार आहे. वर वाचनालयात जा, प्रत आण, पाठ उसव, घडी बदल. कुणाला कळणार नाही.”

“नर्सताईंना कळेल.”

वाचनालयात नेमाने येणाऱ्या नर्सताईंची गोष्ट बाबांनाही ठाऊक होती. ताईंची धाकटी बहीण त्यांच्याच वॉर्डात वारली. त्यानंतरच्या महिन्यात त्यांनी ही कादंबरी वाचली, आणि पुढे दर वर्षी त्याच महिन्यात त्या ती घरी नेत. कार्डावर दुसऱ्या कुणाचं नावच लागत नसे तेव्हा.

“मग सांगू नकोस.”

“लेखक उद्या तिथे बसणार, बाबा. सगळे त्यांच्या तोंडावर ‘आणि’चं कौतुक करणार. त्यांनी लिहिलंच नाही ते! त्यांना काय वाटेल? आणि सांगितलं तर बाई परत येते ते नर्सताईंचं पान गेलं.”

“मला काय विचारतेस?” बाबांनी पट्टी परत उचलली. “टाके तुझे आहेत.”

सुई परत टेबलाशी आली. लेखकाच्या तेराव्या फॉर्म्यात समासात पेन्सिलीने कुणीतरी काहीबाही लिहिलं होतं. तिरकं, घाईचं अक्षर. नायकाची बायको म्हणते, ‘किल्ली परत विसरलास ना?’ त्याच्या शेजारी लिहिलं होतं, ‘परत काय? रोज!’ आणि जरा खाली, ‘हे मी इतकं गोड म्हणाले नव्हते. उगाच लाडीगोडी.’ सुई हसली. मग हे ‘मी’ म्हणजे कोण ते लक्षात आलं आणि तिचं हसू आपोआप थांबलं. बाकी तेरा फॉर्म्यांत पेन्सिलीची एक रेघ नव्हती.

तिने कॉलरची सुई काढली नाही. घड्या आकड्याप्रमाणे लावल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या.

रविवारी सकाळी दहाला वरच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. नियम एकच, मॅडमनी घातलेला आणि मोडला तर त्यांच्या भुवयांनी अंमलात येणारा. पुस्तक ज्याच्या हातात, तोच बोलणार. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप.

लेखक उंच होते, किंचित वाकलेले. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं, आणि ते त्यांना सांगणारं आता घरी कुणी नव्हतं. बसताना त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि मग हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

आधी पुस्तक, म्हणजे वाचनालयाची प्रत, चष्मेवाल्या काकांकडे गेलं. त्यांचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान.

“मला लेखक भेटलाय बरं का याआधी! एक मोठे कादंबरीकार डोळे तपासायला आले होते. नाव सांगत नाही, पेशंटचं गुपित असतं. तक्त्यासमोर बसवलं. वरून खाली वाचत आले, आणि शेवटच्या ओळीला मला म्हणतात, सुरुवात दणदणीत आहे हो, पण शेवटी फारच बारीक होत गेलंय!”

खोली खो खो हसली. लेखकही हसले, आणि हात कुठे ठेवायचे ते विसरले.

“पण तुमच्या पुस्तकाचं उलटं आहे,” काका म्हणाले. “शेवट मोठा मोठा होत जातो. तो ‘आणि’! अहो, काय ‘आणि’ आहे!”

लेखकांनी मान जराशी कलती केली. ते बोलणार नव्हते, पुस्तक हातात नव्हतं ना.

मग पुस्तक नर्सताईंकडे आलं. त्या ड्यूटी संपवून थेट आल्या होत्या. त्यांनी पान शोधलं नाही, ते आपोआप उघडलं.

“मला बोलता येत नाही, मी वाचूनच दाखवते,” त्या म्हणाल्या. त्यांनी बायकोच्या मृत्यूच्या शेवटच्या चार ओळी वाचल्या. मग थांबल्या. कोरं अर्धं पान त्यांनी सगळ्यांकडे वळवून दाखवलं. “इथे मी पुस्तक मिटणार होते. त्या दिवशी बहिणीचे कपडे आवरत होते मी. म्हटलं, बास झालं. पण सवयीने पान उलटलं.” आणि त्यांनी वाचलं, “‘तोंड धुतलं, तोच आतून आवाज आला, किल्ली परत विसरलास ना?’”

लेखकांचा चेहरा एकदम कोरा झाला. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, मग नर्सताईंकडे, मग परत पुस्तकाकडे.

“मेल्यावरसुद्धा माणूस आतल्या खोलीतून ओरडू शकतं, हे मला तुम्ही सांगितलंत,” नर्सताई म्हणाल्या. “माझी बहीण तशीच ओरडायची. डब्यावरून. अजून ओरडते. नऊ वर्षं तुमचे आभार मानायचे राहिले होते. ते आज मानते.”

त्यांनी पुस्तक पुढे दिलं. पुढे सुई होती.

सुईने ते घेतलं. दोन्ही हातांनी घेतलं, तरी जड लागलं. आता काय करावं माणसाने? ‘मलाही फार आवडतं’ म्हणून पुढे सरकवलं असतं तर संपलं असतं. तिच्या अंगठ्याला पाठीवरचा टाका लागला. तो जरा मोठा पडला होता, पहिलाच होता ना.

“ते सरांनी लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “म्हणजे लिहिलंय, पण असं नाही. मी फॉर्मे उलटे शिवले. मी सोळा वर्षांची होते, आकडे गेले होते, वाक्य जुळलं म्हणून शिवलं. खरी गोष्ट अशी की ती आधी ओरडते आणि मग मरते. तिथेच संपतं. ‘आणि’च्या पुढे दार लोटून तो दुकानात जातो. बस, एवढंच. काल मला कळलं. बदलून ठेवता आलं असतं, पण ते चोरीसारखं वाटलं. ताई, माझं चुकलं. सर, तुमचं तर फारच चुकलं, म्हणजे माझं चुकलं तुमच्या बाबतीत.”

“म्हणजे मी नऊ वर्षं...” चष्मेवाले काका उसळले.

मॅडमच्या भुवया वर गेल्या. काका बसले.

सुईने पुस्तक लेखकांना दिलं. आता फक्त तेच बोलू शकत होते. त्यांनी कोरं अर्धं पान पाहिलं. पान उलटलं. परत मागे आले. परत उलटलं. असं तीनदा. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

शेवटी ते काहीच न बोलता उठले, आणि पुस्तक परत नर्सताईंच्या हातात देऊन बसले.

नर्सताईंनी ते मांडीवर ठेवलं. बराच वेळ त्यावर हात फिरवला.

“मूळ गोष्टीत ती परत येत नाही?” त्यांनी विचारलं.

लेखकांनी नुसती मान हलवली. नाही.

“बरं,” ताई म्हणाल्या. मग सुईकडे वळल्या. सुईला वाटलं, आता आलं. “नऊ वर्षं मी एकाच माणसाचे आभार साठवत होते गं. अर्धे तुझे निघाले.” आणि त्यांनी नाक पुसलं. “टाके मात्र जरा बारीक घालत जा. माझ्या हाताखाली असतीस तर उसवायला लावले असते.”

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मॅडमनी चहा आणायला सांगितला आणि नियम तात्पुरता उठला. काकांनी सुईला गाठून सांगितलं की ‘आणि’ आपल्याला आधीपासूनच जरा संशयास्पद वाटत होता. कुणी विश्वास ठेवला नाही.

चहा झाल्यावर लेखक खिडकीजवळच्या टेबलाशी आले. तिथे सुई वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन उभी होती.

“सर, तुमची प्रत. अजून शिवलेली नाही. आकड्याप्रमाणे लावलीय. तुम्ही एकदा बघून घ्या, मग शिवते. आता मी कुणाच्याच घड्यांवर विश्वास ठेवत नाही.”

त्यांनी हातातली किल्ली टेबलावर ठेवली, पुडकं सोडलं आणि एकेक घडी बोटाने पुढे सरकवत गेले. तेराव्याला थांबले. समासातली पेन्सिलीची ओळ त्यांनी वाचली. ओठ हलले, आवाज आला नाही. सुई खिडकीबाहेर बघत राहिली.

कागदाचा आवाज झाला म्हणून तिने मान वळवली. लेखकांनी तेरावा फॉर्मा अलगद बाहेर काढला होता. त्यांनी तो चौदाव्याच्या खाली सरकवला, सगळ्या घड्या उभ्या धरून टेबलावर दोनदा आपटल्या, कडा सारख्या केल्या.

“अशीच शिव,” ते म्हणाले.

“सर, पण मग पुस्तक ‘आणि’वर...”

“हो.”

त्यांनी नमस्कार केला. नर्सताईंशी दाराजवळ दोन शब्द बोलले, काय ते सुईला ऐकू आलं नाही. मग जिन्याची पहिली पायरी, दुसरी, तिसरी, पावलं खाली उतरत गेली.

सुईने कॉलरची सुई काढली, घड्या उचलायला गेली, आणि टेबलावर किल्ली दिसली.

खाली पावलं थांबली होती. मग ती वर यायला लागली, दमाने, एकेक पायरी. लेखक दारात आले. धाप लागलेली, एक हात रिकाम्या खिशात.

सुईच्या जिभेवर वाक्य आलं होतं, अख्ख्या वाचनालयाला पाठ असलेलं. ती बोलली नाही. नुसती किल्ली पुढे केली.

त्यांनी ती घेतली. क्षणभर कान देऊन उभे राहिले, जणू आतल्या खोलीतून काही ऐकू येतंय. मग हसले आणि