पाठ फिरवून बसणाऱ्या बाईचा तंबू

मी एक तंबू. सध्या मैदानाच्या कडेला उन्हात पसरलो आहे. अंगावरचं दव वाळेपर्यंत दुसरं काम नाही, म्हणून बोलतो. माझं बोलणं थोडं झोपाळू वाटेल. आमचं निम्मं आयुष्य घडीत जातं. घडीत स्वप्नं पडतात, आणि स्वप्न कुठे संपलं नि आठवण कुठे सुरू झाली, हे मला आता नीट सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात माझ्या मालकिणीची नात आली, दूरदेशी शिकून. तिला वाटलं होतं, आजीच्या मागे तिचं युवक मंडळ पोरकं झालं असेल. खोलीत तसबीर असेल, माना खाली असतील, कुणीतरी हळूच डोळे पुसत असेल. दार उघडलं तर आत कॅरम रंगला होता. एकाच्या डोक्यावर आजीची गवती टोपी होती. सगळे जिला ‘वकील’ म्हणतात ती मुलगी, मोठं पातेलं कोणी उचलायचं यावर भांडत होती आणि जिंकत होती.

“तुम्हाला तिची आठवण येत नाही?” नातीनं विचारलं.

“येते की,” टोपीवाला उंच पोरगा, लंबू, म्हणाला. “परवा खुंट्या कमी पडल्या तेव्हा फार आली.”

नातीचा चेहरा उतरला. ती मोठ्या मनानं आली होती. आजीचं आयुष्य लोकांनी बघावं, त्यातून काही घ्यावं, असं तिला तळमळून वाटत होतं. त्यासाठी मला मंडळाच्या भिंतीवर पसरून टांगायचं, खाली आजीची छायाचित्रं लावायची, असा तिचा बेत होता. पोरांना मात्र तळ्याकाठी शिबिराला जायचं होतं. त्यांच्या आईवडिलांनी पाय मागे घेतला होता. “ताई होत्या म्हणून पाठवत होतो. आता कोणी मोठं माणूस बरोबर असेल तर बघू,” असं घरोघरी ऐकायला मिळत होतं. शिबिर एकदा मोडलं की पुन्हा जमत नाही, हे पोरांना कळत होतं. आणि मंडळाकडे तंबू एकच, तो मी.

म्हणजे मला भिंत की तळ्याचा काठ, एवढाच प्रश्न होता. त्यात मंडळाचंही भवितव्य आलं.

मला शिवलं ते दुकानांच्या कापडी छपऱ्या शिवणाऱ्या एका शिंप्यानं. आजी तेव्हा आजी नव्हती. टपाल कचेरीत खिडकीवर बसणारी तरुण बाई होती, आणि कडेवर तान्ही लेक होती.

“ताई, पोरं चार आणि तंबू केवढा सांगताय?” शिंपी म्हणाला होता.

“पोरं वाढतील. तुम्ही शिवण पक्की घाला.”

पोरं वाढली. शनिवारी कचेरी सुटली की ती थेट मैदानावर यायची. कुणाला पोहायची भीती घालवायची होती, कुणाला बापाशी बोलायचं धाडस हवं होतं, कुणाला नुसतंच कुठेतरी जायचं होतं. सगळी माझ्या पोटात झोपून गेली. कंदील लागला की त्यांच्या सावल्या माझ्या कापडावर हलायच्या, आणि मला वाटायचं, मीच त्यांना स्वप्नात बघतो आहे.

घरी ती निराळी नव्हती. लेकीला न्हाऊ घालताना तिचे हात जसे चालत, तसेच माझ्या अंगावरचं शेवाळ काढताना चालत. नातीला कांजिण्या आल्या तेव्हा तिनं मला गच्चीत अर्धाच ताणला आणि स्वतः दाराशी बसून राहिली. “आत राणी आजारी आहे, मी फक्त पहारेकरी,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. नात खाजवायची विसरून ऐकत राहायची.

तिची एक रीत मात्र लोकांना खटकायची. मला उभारायची वेळ आली की ती पोरांच्या हाती काठ्या नि दोऱ्या द्यायची, आणि जरा लांब एका दगडावर, आमच्याकडे पाठ करून बसायची. काठी निसटली, मी भसकन खाली बसलो, पोरं ओरडली, तरी ती वळायची नाही. नवख्यांना वाटायचं, बाई रागावली. एका पालकानं विचारलं तेव्हा म्हणाली, “मी बघत बसले तर ती माझ्यासाठी बांधतील. त्यांना स्वतःसाठी बांधू दे.”

लेकीला ही रीत फार टोचली होती. ती सायकल शिकली तेव्हा आई अशीच पाठमोरी उभी होती. “मी पडले, आणि समोर आईची पाठ,” असं ती नवऱ्याला, बहिणीसारख्या शेजारणीला, पुढे मुलीलाही सांगत आली. तंबूला ती सवतीसारखा मानायची, हे मला ठाऊक होतं. मी तरी काय करणार होतो?

काल संध्याकाळी नातीनं मला भिंतीवर लावण्याआधी एकदा उभा केलेला बघायचं ठरवलं. पोरं पुढे आली, पण तिनं त्यांना थांबवलं. “तुम्ही राहू द्या, फाटेल. मी करते.” तिनं एकटीनं काठ्या जोडल्या, दोऱ्या ताणल्या. मी एका बाजूला कललो. लंबू खिशात हात घालून बघत राहिला. वकीलसुद्धा गप्प होती, आणि ते मला बरं लक्षण वाटलं नाही.

तेवढ्यात लेक चहाचा थर्मास घेऊन आली.

“अगं, त्यांना दे की. सगळं तूच करणार?”

“आई, तुला तरी येतं का बांधायला?”

“मला काय येणार. मला या तंबूनं कधी जवळ केलं नाही.” असं म्हणत ती दमून त्या दगडावर टेकली, आपल्या आईसारखीच, आमच्याकडे पाठ करून.

नातीनं वैतागून दोरी सोडली. पोरांनी ती उचलली. ऊन तिरकं झालं होतं. वकील हुकूम सोडत होती, लंबू ते मुद्दाम उलटे ऐकत होता, आणि मी हळूहळू सरळ होत होतो.

“इकडे ये,” लेक म्हणाली. आवाज इतका बारीक होता की नात धावतच गेली. “बस इथे. समोर बघ.”

समोर गवतावर माझी लांबच लांब सावली पडली होती. तिच्यात पोरांच्या सावल्या वाकत होत्या, हात वर करत होत्या. लंबूच्या सावलीनं वकीलच्या सावलीच्या डोक्यावर शिंगं काढली. एक दोरी सैल सुटली, तीही दिसली.

“इथून सगळं दिसतं गं,” लेक म्हणाली. तिनं थर्मास गवतावर ठेवला. मग म्हणाली, “मी सायकलवरून पडले, तेव्हाही संध्याकाळच होती.”

हे मला पहिल्यापासून माहीत होतं. आजी दर वेळी जागा बदलायची, ऊन बघून, सावल्या समोर पडतील अशी. पण तंबूला कोण विचारतो?

दोघी मायलेकी तिथे दिवेलागणीपर्यंत बसल्या. चहा थर्मासात तसाच राहिला. मला घडी घालायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर रिकामाच उभा राहिलो, आणि दव अंगावर घेत स्वप्न बघत राहिलो.

आज सकाळी नात आली. डोळे सुजलेले, पण पावलं झपाझप. माझी एक मागणी आहे, ती आधी सांगून टाकतो: ओला असताना मला गुंडाळू नका. बाकी फाटेन तेव्हा फाटेन, ठिगळांची मला लाज नाही.

पोरं जमली होती. नात म्हणाली, “भिंतीचं रद्द. मी परत जायचं पुढे ढकललंय. तुमच्या घरी आज मीच जाऊन सांगते, शिबिराला मोठं माणूस म्हणून मी येणार आहे.”

“मग प्रमुख तुम्हीच ना?” वकीलनं सावधपणे विचारलं.

“नाही. प्रमुख कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला काय काम द्यायचं, तेही ठरवा.”

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. लंबूनं घसा साफ केला आणि मोठं पातेलं तिच्यासमोर आणून ठेवलं.

तिनं ते उचललं.