काट्यावरची रांग

करुणानं वहीतला अर्धा प्रोग्राम आडवातिडवा खोडला आणि पेन चटईवर टाकलं. चौथ्यांदा तिचा धागा तुटला होता. समोर अप्पा मांडी घालून बसलेच होते.

"म्हंजी पडद्यावर दिसतंय, पण ते ऱ्हात न्हाय?"

"सेव्ह केलं तरच राहतं. काल सांगितलं होतं मी."

"आन् त्याच्या आत लाईट गेली तर?"

"तर गेलं, अप्पा. सगळं गेलं."

अप्पांनी मान हलवली, पण ते उठले नाहीत.

बारावीची परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं तर एकेक मार्क मोलाचा. बारामतीच्या कॉलेजात मशीन चारच. आठवड्यातून एकदा, शनिवारी, पाऊण तास वाट्याला यायचा. म्हणून ती प्रोग्राम घरी कागदावर लिहायची आणि मनातल्या मनात चालवून बघायची. नेमके तेव्हाच, गेले दोन महिने, कारखान्यातून आले की हातपाय धुऊन अप्पा विचारत बसायचे. एंटर कशाला? चुकलेला आकडा खोडायचा कसा? काल विचारलेलं आज पुन्हा. विहारात कुणी भेटलं की पोरीचं कौतुक सुरू व्हायचं; तिथं सांगायला चार शब्द हवे असतील, असं ती धरून चालली होती.

"तुमाला काय करायचंय त्याचं?" ती शेवटी म्हणाली. "अभ्यास करू द्या की मला."

"न्हाय, आपलं सहज." अप्पा उठले आणि बाहेर जाऊन बसले.

शनिवारी ते डबा विसरून गेले. आई म्हणाली, "फाट्यावरच यष्टी धरायची हाय तुला, तर काट्यावर देऊन जा." करुणा धुसफुसत निघाली. एसटी चुकली की पाऊण तास गेलाच.

ऊस तोलायच्या काट्यावर अप्पा वीस वर्षं वजन वाचून हातानं पावती लिहीत आले होते. आज तिथं ट्रॅक्टरांची रांग पार फाट्याला टेकली होती. करुणा खिडकीशी गेली. आत टेबलावर कोरा करकरीत कॉम्प्युटर होता आणि त्याच्यापुढं अप्पा. मागं एक तरुण साहेब उभा होता.

"नोटीस लागून दोन महिने झाले, अप्पा. सोमवारपर्यंत हात बसला नाही, तर यार्डात गाड्या लावायला पाठवावं लागेल तुम्हाला."

"व्हय, साहेब."

अप्पांचं एक बोट कळांवरून फिरत राहिलं. "आदी आकडा. मग एंटर. मग सेव्ह," ते पुटपुटत होते. आकडा चुकला. त्यांनी तो खोडला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

करुणा दारापर्यंत गेली. दोन मिनिटांचं काम होतं. कडीला हात लावून ती थांबली, मग डबा उंबऱ्यावर ठेवून मागं सरली, खिडकीतून दिसणार नाही इतकी.

"आत कोन झोपलाय का काय?" पहिल्या ट्रॅक्टरवरचा जोतीराम ओरडला.

"नवीन मशीन हाय, दादा," करुणा म्हणाली. "पयल्यांदा वेळ लागतो."

फाट्यावर बारामतीची एसटी थांबली आणि निघून गेली. आतून पावती छापल्याचा करकर आवाज आला, रांग एका गाडीनं सरकली. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं भोंगा धरला, तशी करुणा त्याच्याकडं चालत गेली.