निमुळते नट

नवी चाकं बसवायला गाडी सुपेला बाजारातल्या दुकानात न्यायची म्हणून मोहितनं किल्ली उचलली, तेव्हा तेजरामनं त्याला फाटकातच अडवलं.

"बत्तीस वर्षं प्लांटच्या मेंटेनन्समध्ये काढली म्या. चार चाकं लावाले तुले दुकान पायजे?"

"बाबा, हे चौडे अलॉय आहेत. फिटिंग में फर्क पडता है."

"फर्क मले समजते."

मोहित हसला आणि त्यानं किल्ली खाली ठेवली. रायपूरहून जुनी घेतलेली ती दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार त्याचा जीव की प्राण होती. चाकं चार खोक्यांतून आली होती, मूळच्या चाकांपेक्षा चांगली दोन इंच रुंद. रविवारी सकाळी कोहका वस्तीतल्या घरासमोर तेजराम मांडी घालून बसला. जुनी चाकं उतरवली, नवी चढवली, काढलेले नट पुन्हा बसवले. टॉर्क पाना खटकन वाजेपर्यंत एकेक आवळला. स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवायला लावून टायर आत कुठं घासतो का, तेही वाकून पाहिलं. कुठंच घासत नव्हता. चाकं मडगार्डच्या थोडी बाहेर आली होती, आणि गाडी छाती काढून उभ्या पहिलवानासारखी दिसत होती.

"मी बसते समोर," त्याची बायको नलू म्हणाली. तिला राजनांदगावला बहिणीकडे जायचंच होतं. मायलेक निघून गेले.

तेजराम पसारा आवरू लागला. तिसरं खोकं मोडताना थर्माकोलखालून एक जड पिशवी फरशीवर पडली. आत वीस नट होते, नवेकोरे, टोकाकडे निमुळते.

त्यानं एक नट हातात घेतला. मग उतरवलेल्या जुन्या चाकाच्या भोकात बोट घातलं. आतली बैठक वाटीसारखी गोल होती. जुने नटही तसेच, गोटीसारख्या गोल तोंडाचे. पण नव्या चाकांना असा निमुळता नट लागत होता, म्हणजे त्यांची भोकं आत तिरपी होती. तिरप्या भोकात गोल नट फक्त एका काठावर टेकतो. पाना खटकन वाजतो, नट आवळल्यासारखा वाटतो आणि दहा-वीस किलोमीटरात सुटायला लागतो. त्यात चाक रुंद, बाहेर आलेलं, म्हणजे ओढही जास्त.

मोहितला फोन लावला. घंटी वाजत राहिली. नलूला लावला, तर तिचा फोन आतल्या खोलीत चार्जरवर वाजला.

त्यांना निघून वीस मिनिटं झाली होती.

शेजारच्या घरातली शिल्पा अंगणात कपडे वाळत घालत होती. "बाई, स्कूटी काढ," तेजराम कुंपणावरून ओरडला. "रस्त्यात सांगतो."

त्याचा चेहरा पाहून तिनं कपडे तसेच टाकले आणि स्कूटी काढली.

मागे बसून तो फोन लावत राहिला. निमुळत्या नटांची पिशवी त्यानं मांडीवर घट्ट धरली होती. दुर्गच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गर्दी दिसली, माणसं वाकून काहीतरी पाहत होती. "थांबवू का काका?" शिल्पानं विचारलं. तो मागून मान उंचावून पाहत राहिला. जवळ गेल्यावर कळलं, कुणाची तरी सांडलेली केळी होती.

शिवनाथ नदीच्या पुलाजवळ फोन उचलला गेला.

"हॅलो, मोहित गाडी चालवून राहिला," नलूचा आवाज आला. "आमी दुर्गात नाश्ता केला. फोन गाडीतच राह्यला होता. काहून इतके फोन केले जी?"

तेजरामनं शिल्पाला थांबायची खूण केली. ओरडावं असं वाटत होतं. ओरडला तर ती घाबरेल, ती घाबरली तर पोरगा ब्रेक दाबेल.

"नलू, मी सांगतो तसंच त्याले सांग. रेसचं पायडल सोड म्हणा. गाडी आपोआप हळू होऊ दे."

"मोहित, बाबा म्हणते रेसचं पायडल सोड." मग मोहितचा दूरचा आवाज: "मम्मी, बोल उनको, स्टेअरिंग बहुत कांप रहा है. नये टायर हैं ना."

तेजरामनं डोळे मिटले.

"ब्रेक जोरात मारू नोको म्हणा. एका अंगाले घे, हळू. वळवू नोको एकदम."

नलूनं ते शब्दाला शब्द सांगितलं. फोनमधून एका ट्रकचा हॉर्न ऐकू आला. खडीवर टायर करकरल्याचा आवाज आला. तेजरामला वाटलं, आता धडाका ऐकू येणार. शिल्पानं त्याचं मनगट धरलं होतं.

"थांबली," नलू म्हणाली. "का झालं, सांगा तर?"

"उतर. दोघंबी उतरा. रस्त्यापासून दूर राहा."

पाच-सहा किलोमीटरवर गाडी दिसली. नलू बाभळीखाली पर्स छातीशी धरून उभी होती. तेजराम डाव्या पुढच्या चाकाजवळ बसला. पाचांतले दोन नट गळून गेले होते. नट ज्यावर चढतो ती स्टडची एक दांडी कापली गेली होती. उरलेले दोन नट त्यानं बोटांनी फिरवले, ते फिरले.

मोहित मागे येऊन उभा राहिला. "बाबा, दुकानात नेली असती तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

"हो," तेजराम म्हणाला. "भोकात बोट घालून पाह्यलं असतं तरी समजलं असतं. म्या पाह्यलंच नाही. माह्या हातानं झालं."

नलूला भीती आत्ता वाटली. ती चाकाकडे पाहत मटकन खाली बसली. शिल्पानं तिला पाणी दिलं, तर अर्धं पदरावर सांडलं. मोहितनं गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकला फोन केला आणि पिशवी वडिलांच्या हातातून काढून घेतली. तेजरामची बोटं सरळ होईनात, एकेक उलगडावं लागलं.

नलू उठली आणि म्हणाली, आता घरी जायचं नाही, बहीण वाट पाहत असेल. समोरून राजनांदगावची बस आली. मोहित गाडीपाशी थांबला, शिल्पा स्कूटीवर परतली; नवरा-बायको चढले आणि नेमकी मागच्या चाकावरची सीट मिळाली.

खड्डा आला की तेजरामचे पाय फरशीवर घट्ट रोवले जात. खालून कुठं खडखडतं का, ते तो ऐकत होता.

"नलू," शेवटी तो म्हणाला, "तू काहीबी न विचारता काहून बसली त्या गाडीत?"

ती खिडकीबाहेर पाहत होती. "तुमी लावली होती ना चाकं," ती म्हणाली.