बर्फाची जाडी

“दाताचा डॉक्टर विचारतोय, कसले फोटो?” रेनो कल्लिओंनी फोन माझ्या काउंटरवर ठेवला. “मी त्याला कसले फोटो पाठवणार? दाढेचे?”

कॅनडात, थंडर बेच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्याशेजारी माझं फोनदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, चार बाजूंनी काच आणि मध्ये मी. जानेवारीत म्हातारी माणसं इथे उबेला येतात आणि जाताजाता फोन दाखवतात. रेनो जन्मभर धान्याच्या कोठारात राबलेले. बायको हेल्वी गेल्यापासून रोज समोरच्या बाकावर कॉफी घेऊन बसायचे. बोलणं जेवढ्यास तेवढं.

मी फोन बघितला. त्यांच्या नावाने एकच मजकूर ओळखीतल्या प्रत्येकाला गेला होता: ‘तुझी फार आठवण येते. जुने फोटो पाठवतोय, बघ.’ खाली लिंक. चर्चचे पाद्री, डॉक्टर, अंगणातला बर्फ उपसणारा पीट, कुणी म्हणून सुटलं नव्हतं. पीटने उलट लिहिलं होतं, ‘मलाही येते रे. बायकोला सांगू नकोस.’

“नवीन काय घेतलंत यात?” मी विचारलं.

“ते बर्फाचं.”

गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाणारा माणूस आधी गिरमिटाने भोक पाडून बर्फाची जाडी बघतो. रेनोंचा खांदा धरला होता, गिरमिट फिरत नव्हतं. कुणीतरी त्यांना एक अॅप पाठवलं, फोन बर्फावर ठेवा, जाडी आपोआप कळेल. आणि आयुष्यभर बर्फावर वावरलेला हा माणूस गुडघे टेकून तळ्यावर फोन ठेवत होता.

“किती जाडी दाखवायचं?”

“कायम भरपूर.”

ते त्याच भरवशावर पुढे चालत जात होते. 

“आणि ते जे जे मागत होतं, त्याला हो म्हणालात?”

“सगळ्याला. नाही म्हटलं तर पुढेच जाईना.”

“बर्फ मोजायला तुमच्या ओळखीच्यांचे नंबर कशाला लागतात, रेनो? मेसेज कशाला लागतात? दारात कोणी आला की घराच्या किल्ल्या देता का?”

“माझ्याकडे येतं कोण?” ते म्हणाले. तक्रार नव्हती, नुसती माहिती होती.

ते अॅप काढलं की पुन्हा उगवत होतं. आता फोन पार पुसून कोरा करण्यावाचून इलाज नव्हता. तेवढं सांगतेय तोच फोन थरथरला. नाव होतं आयला.

आयला ही त्यांची एकुलती एक लेक, व्हँकूवरला असते. हेल्वी गेली त्याच उन्हाळ्यात रेनोंनी तळ्याकाठचा कॅम्प, म्हणजे लाकडी घर, वाफेच्या अंघोळीचा सॉना, सगळंच विकून टाकलं. लेकीला विचारलंही नाही. तिला परक्याकडून कळलं. तेव्हापासून दोघांत शब्द नाही.

‘इसा, बरा आहेस ना? फोटो उघडत नाहीत. मला बघायचेत.’

इसा म्हणजे फिनिश लोकांत बाप. रेनोंनी ते दोनदा वाचलं. चेहरा होता तसाच.

“मी काहीच कळवलं नाही तर?”

“ती त्या लिंकवर दाबत राहील. मग हेच तिच्या फोनमध्ये शिरेल. तिची बँक, तिचं सगळं.”

“आणि कळवलं, तर तिला समजणार की आठवण मी काढली नव्हती.”

त्यांनी फोन उचलला.  मग जाड बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं: ‘ते मी पाठवलं नाही. उघडू नकोस.’

“अजून एखादं वाक्य घाला ना,” मी म्हणाले.

“खरं तेवढंच आहे.”

मेसेज गेला. तिकडे ती काहीतरी लिहीत असल्याचे ठिपके दिसले, विझले, परत दिसले, विझले. मग आलं: ‘बरं.’

“मला वाईट वाटायला हवं,” रेनो म्हणाले. “हेल्वी गेल्यापासून काही वाटतच नाही. बर्फात राहिलेल्या हातासारखं झालंय.”

मला मात्र वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता, त्यांचाच.

“फोन पुसते. नंबर सगळे जातील. तिचा लिहून घेऊ?”

“पाठ आहे.”

कोरा फोन हातात दिल्यावर त्यांनी पहिला तोच नंबर घातला. मग लिहिलं: ‘तुझी फार आठवण येते.’ लिहून माझ्याकडे बघितलं.

“शब्द त्या अॅपचेच आहेत,” मी म्हणाले. “तिला वाटेल पुन्हा तेच आलं. उघडणारसुद्धा नाही.”

 मागे जिना सरकत होता. मग त्यांनी खाली जोडलं: ‘सॉनातली तुझी छोटी बादली विकली नाही. तुझ्या खोलीत आहे. तिच्यावर तू काढलेलं फुलपाखरू अजून दिसतं.’

पाठवलं. ठिपके दिसले नाहीत. पाचेक मिनिटं आम्ही दोघं फोनच्या काचेकडे बघत राहिलो. मग ते निघाले.

बाहेर थंडी अशी होती की पापण्या चिकटाव्यात. दाराशी थांबून त्यांनी टोपी कानावर ओढली, डाव्या हातात हातमोजा घातला. मोजा घातला की फोनला बोट कळत नाही. उजवा हात त्यांनी उघडाच ठेवला, त्यात फोन धरला आणि तसेच बर्फातून चालू लागले.