चूल पेटती, म्हणून घर

"चूल पेटती हाय ना? मग घर हाय," उद्धवराव पटवारी म्हणाले आणि टाक दौतीत बुडवला.

डोमाजीने वर पाहिलं. वर लिंबाच्या फांद्या आणि एक कावळा. बाकी चारी बाजू मोकळ्या. पैनगंगेच्या पुरात त्याचं घर वाहून गेलं, तेव्हापासून बायको बयनाबाई, दोन पोरी आणि एक शेळी असा सगळा संसार ह्या झाडाखाली. निजाम सरकारचा हुकूम आला होता, बेघर कुटुंबाला गावठाणात जागा द्या. पण गावातली घरं मोजायची ती चुलींवरून, अशी सरकारी रीत. अन् बयनाबाईची चूल तर धडधडा पेटलेली!

"मालक, हे तीन दगडं हायेत," बयनाबाई म्हणाली. "ह्याले घर म्हनतेत का?"

"म्हनत नाई, लिहितेत."

"अन् छप्पर?" डोमाजीने विचारलं.

"छपराचा रकाना नाई बाबा."

"मंग चूल इझवतो."

"इझवली तं तू फकिराच्या रकान्यात जाशील. फकिराले जागा नाई." उद्धवराव उठले. "उद्या तहसीलदारसायेब येतेत. यादीवर मोहर लागली की माह्या हातात काई नाई."

थंडी तोंडावर आली होती. धाकटी पोर आतापासूनच खोकत होती. डोमाजी रात्रभर कुशी बदलत राहिला आणि पहाटे एकटाच हसला. बयनाबाई उठून बसली. मागे तो असा हसला होता तेव्हा त्याने जमादाराच्या घोड्याला बाशिंग बांधून वेशीतून मिरवलं होतं.

तहसीलदारांचा डेरा आमराईत पडला. साहेब चपराशाला आणि उद्धवरावांना घेऊन नदीकाठ बघायला गेले. परत येतात तो डेऱ्याच्या तोंडाशीच तीन दगड, त्यावर तवा, तव्यावर ज्वारीची भाकर, आणि सगळा धूर साहेबांच्या बिछान्यावर.

"अवो, मार खासान तुमी," बयनाबाई पुटपुटली.

"तू भाकर थाप," डोमाजी म्हणाला.

"ये क्या तमाशा है?" साहेब खोकत ओरडले. "हमारे डेरे में कौन घुसा?"

डोमाजीने हात जोडले. "आमी नाई घुसलो, हुजूर. तुमीच आमच्या घरी आले. चूल जिथी, घर तिथी. इचारा पटवारीसायेबाले."

उद्धवरावांनी मान डोलावली. "कायदा तो यही है, हुजूर."

"हटाव ये चूल्हा!"

चपराशी पुढे झाला, वाकला, तसाच मागे आला. "हुजूर, उसपे भाकर है." भाकर चढलेली पेटती चूल तो कशी मोडणार? त्यालाही आई होती.

"पाव्हने हाव, बसा," डोमाजी म्हणाला. "बयना, सायेबाले वाढ. ठेचा जरा जास्तच टाक."

साहेबांनी एकदा डोमाजीकडे पाहिलं, एकदा भाकरीकडे. भाकर टम्म फुगली होती. साहेब बसले. ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं, तरी दुसरी भाकर मागितली. मग हात पुसून म्हणाले, "उद्धवराव, इसको जगह लिख दो. वरना ये कल कचहरी में चूल्हा जलाएगा."

जागा मिळाली. चार खुंट्या, भोवती सुतळी. छपराच्या बांबूचं काय, तर ते जंगलखात्याकडून. त्याची दरखास्त निराळी, आणि तिचं उत्तर कधी येईल ते त्या खात्यालाही ठाऊक नव्हतं.

आठ दिवसांनी चपराशी अंगठा घ्यायला आला. सुतळीच्या आत शेणाने सारवलेली जमीन होती आणि वर सगळं आभाळ. पोरी पांघरुणात गुरफटून बसल्या होत्या. चपराशाने सरळ सुतळीवरून टांग टाकली.

"ओ दादा," बयनाबाई म्हणाली. "तिकून कुठी? दारातून या."

चपराशाने पाहिलं. पूर्वेच्या दोन खुंट्यांमध्ये सुतळी नव्हती. तिथे जमिनीवर रांगोळीची चार बोटं ओढलेली होती.

त्याने टांग मागे घेतली, वळसा घालून तिकडे गेला, आणि डोकं लागू नये म्हणून जरासा वाकून आत आला.